‘उलटा प्रवास’: एका जुन्या वाचकाला उत्तर

३१ डिसेंबरला टाकलेल्या ‘माझं २०२५: पुस्तकं, ॲनिमे, सिनेमे’ या लेखाखाली (ॲनिमे म्हणजे जपानी ॲनिमेशन) ‘एक जुना वाचक’ अशा नावाने एक प्रतिक्रिया आली आहे. तिथेच खाली दोन ओळींत उत्तर द्यायला बसले होते, ते लांबत गेलं, म्हणून वेगळं टाकतेय. ज्यांच्या नजरेतून सुटली असेल त्यांच्यासाठी ती जशीच्या तशी:

“ताई, राग मानू नका, पण यंदाचा लेख वाचून निराशा झाली. प्रत्येक पुस्तकाखाली एक ओळ आणि साडेतीन-चार तारे, यातून वाचणाऱ्याच्या हाती काय लागतं? ‘रणांगण’बद्दल तुम्हाला एवढंच म्हणायचं होतं? मराठी पुस्तकं मोजकीच. ‘दशावतार’ला दोन ओळी आणि जपानी राक्षसांच्या कापाकापीला दोन परिच्छेद. माणूस कार्टूनकडून पुस्तकांकडे जातो, तुमचा प्रवास उलटा चाललेला दिसतो. घरात मुलं असतील आणि त्यांच्यासोबत बघत असाल तर समजू शकतो. असो. लिहीत राहा.”

तर जुने वाचक, नमस्कार.

पहिली गोष्ट, राग मानलाय. मानू नका असं बजावल्यामुळे जरा जास्तच मानलाय. एखाद्याला टोचायचं असेल तर सरळ टोचावं, माझी काही हरकत नाही. या लेखांवर याहून वाईट ऐकून घेतलंय मी. पण आधी मलम लावायचं आणि मग सुई काढायची, ही रीत मला झेपत नाही. आणि ते ‘लिहीत राहा’! अहो, मी लिहीतच होते. फोर्टातून मुलुंडला येऊन, कुकर लावून, आईच्या गोळ्या काढून देऊन, मग रात्री लिहायला बसते, आणि तुम्ही सांगायच्या आधीही बसतच होते. ‘असो’ म्हणून विषयावर झाकण ठेवायचं आणि जाता जाता पाठीवर थाप मारायची, ही तऱ्हा माझ्या चांगल्या परिचयाची आहे. दादरला पुस्तकांच्या दुकानात, प्रदर्शनांच्या मांडवात भेटणारी बरीच मंडळी अशीच बोलतात. बायकांशी जरा अधिक मोकळेपणाने.

‘जुना वाचक’ ही पदवीसुद्धा तुमची तुम्हीच घेतलीत. माझे जुने वाचक मला नावाने माहीत आहेत. ते भांडतात, पण सही करून भांडतात.

आता एक मान्य करून टाकते, नाहीतर म्हणाल ही बाई काही ऐकूनच घेत नाही. ‘दशावतार’ला दोन ओळी कमी पडल्या. वयाची ऐंशी ओलांडलेले दिलीप प्रभावळकर कोकणातल्या एका म्हाताऱ्या दशावतारी कलावंताचं काम अंगावर घेतात, त्यात दम लागणं सोडाच, उलट आपल्यालाच दम लागतो. याला परिच्छेद द्यायला हवा होता. कबूल. पुढच्या वेळी देईन.

पण म्हणून दुसऱ्या पारड्यातलं काढून घ्यायचं? हे दोन सिनेमे मुंबईत एकाच दिवशी लागले, १२ सप्टेंबरच्या शुक्रवारी: ‘दशावतार’ आणि ‘डीमन स्लेयर’ या ॲनिमेचा ‘इन्फिनिटी कासल’. मी दोन्ही पाहिले, दोन्हीकडे तिकीट काढून. तुम्ही ज्याला कापाकापी म्हणता त्यात आकाझा नावाचा एक राक्षस आहे. लढाई ऐन रंगात आलेली असताना सिनेमा अचानक तो माणूस होता त्या काळात शिरतो. आजारी बापाच्या औषधासाठी लोकांचे खिसे कापणारा एक पोरगा. पोराने चोरी करून आपल्याला जगवावं हे सहन न होऊन गळफास घेणारा बाप. माझ्या पुढच्या रांगेत सगळी कॉलेजची पोरं होती, एक जण तर नायकासारखा हिरव्या-काळ्या चौकड्यांचा अंगरखा घालून आला होता. तोवर नुसत्या शिट्ट्या चालल्या होत्या. त्या बापापाशी सगळं थिएटर गप्प झालं, आणि अंगरखेवाल्याने चष्मा काढून बाहीला पुसला. माझे दोन परिच्छेद त्या शांततेवर होते. तुम्हाला त्यांत कापाकापी तेवढी दिसली, म्हणजे तुम्ही ते परिच्छेद वाचले नाहीत, नुसते मोजलेत.

ताऱ्यांचं म्हणाल तर ती माझी सवय आहे. नको असतील त्याने बघू नयेत. मराठी पुस्तकं मोजकीच होती, हो. पगार, लोकल आणि चाळिशीचा चष्मा यांत जेवढी बसली तेवढी वाचली. या दोन मुद्द्यांवर यापेक्षा जास्त बोलावं असं त्यांत काही मला दिसत नाही.

मला बोलायचंय ते त्या एका वाक्यावर. “माणूस कार्टूनकडून पुस्तकांकडे जातो, तुमचा प्रवास उलटा चाललेला दिसतो.”

काय ऐटदार वाक्य आहे. लिहून झाल्यावर तुम्ही ते एकदा मोठ्याने वाचलं असणार.

माझा प्रवास तुम्हाला माहीत नाही, म्हणून सांगते. आम्ही विक्रोळीला, कन्नमवारनगरात राहायचो. १९९३ साली रविवारी सकाळी दूरदर्शनवर मोगली लागायचा. गाण्याचे शब्द गुलजारांचे, चाल विशाल भारद्वाजांची, आणि शेरखानचा आवाज नाना पाटेकरांचा. सगळं इतकं आपल्यातलं वाटायचं की ही मालिका मुळात जपानी आहे, निप्पॉन ॲनिमेशनने १९८९ साली केलेली आहे, हे मला कळायला कॉलेज उजाडलं. बाबा फोर्टातल्या एका छापखान्यात कंपोझिटर होते, छपाईच्या अक्षरांचे खिळे जुळवायचे. रविवार हा त्यांचा दाढीचा वार. एका गालाला साबण लावून ते टीव्हीसमोर उभे राहायचे, हातात ब्रश, आणि मालिका संपेपर्यंत तो साबण गालावर तसाच वाळायचा. आई आतून ओरडायची, पाणी गार झालं. बाबा म्हणायचे, थांब गं, नाना बोलतोय.

याच बाबांनी मला कॉलनीतल्या वाचनालयाची वर्गणी भरून दिली. कारण काय, तर मी मोगलीचं पुस्तक मागत होते. पुस्तक मिळालं, मराठीत मिळालं, आणि मग एकदा आत शिरल्यावर भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे, माडगूळकरांची ‘माणदेशी माणसं’, अकरावीत ‘कोसला’, सगळं यथासांग. म्हणजे इथपर्यंत तुमच्याच रस्त्याने, तुमच्याच दिशेने गाडी चालली होती. समाधान झालं असेल.

पुढचं ऐका. २०१५ नंतर बाबांच्या डोळ्यांचा पडदा खराब होत गेला. कडेचं दिसायचं, मधलं दिसेना. खिळ्यांची उलटी अक्षरं सुलट वाचण्यात ज्या माणसाचा जन्म गेला त्याला पेपरचा मथळा लागेना. मी वाचून दाखवायला लागले. आठ-पंधरा दिवसांत त्यांनीच बंद केलं. म्हणाले, तू पुढे पळतेस, मला हवं तिथे थांबता येत नाही.

मग एका रात्री मी माझ्यापुरती ‘मुशिशी’ लावून बसले होते. २००५ सालची मालिका आहे, युकी उरुशिबारा यांच्या ‘मांगा’वर, म्हणजे जपानी चित्रकथेवर, केलेली. गिन्को नावाचा पांढऱ्या केसांचा माणूस पाठीवर लाकडी पेटी घेऊन डोंगरातल्या गावांतून हिंडतो. कुणाला न दिसणारे जीव कुणाच्या कानात, कुणाच्या डोळ्यांत, कुणाच्या स्वप्नात शिरलेले असतात, तो ते बघतो आणि जमलं तर इलाज करतो. मारामारी जवळजवळ नाही. बाबा उठून आले आणि त्यांनी खुर्ची टीव्हीला अगदी खेटून ओढली. हिरवा रंग, धुकं, हलणारं काहीतरी, एवढं त्यांना कडेने कळत होतं. खालची इंग्रजी अक्षरं मी मराठीतून सांगायची. पहिल्या भागात एक मुलगा आहे, तो डाव्या हाताने जे काढतो ते जिवंत होतं. बाबा म्हणाले, थांबव. मी थांबवलं. म्हणाले, आता पुन्हा दाखव.

थांबता येत होतं, जुने वाचक. हवं तिथे.

दुसऱ्या भागात उजेड सहन होत नाही म्हणून अंधाऱ्या कोठीत ठेवलेली मुलगी आहे. डोळ्यांचंच दुखणं. मी तो भाग गुपचूप गाळणार होते. त्यांनी नंबर विचारला, मला खोटं बोलता आलं नाही. सगळा बघितला, आणि शेवटी एवढंच म्हणाले की हा गिन्को आपल्या गावाकडच्या देवरुष्यासारखा आहे, फक्त कोंबडं मागत नाही. त्यानंतर पुढची दोनेक वर्षं आमच्या घरी रात्री हेच चालायचं. २०१९च्या पावसाळ्यात ते गेले.

तेव्हा आता तुम्ही मला सांगा, हजारो पानं स्वतःच्या हाताने जुळवलेला माणूस म्हातारपणी पुस्तकांकडून कार्टूनकडे गेला, तो घसरला का? त्याचाही प्रवास उलटाच म्हणायचा? की त्याला डोळ्यांची सवलत द्याल, आणि मला, माझे डोळे अजून धड आहेत म्हणून, देणार नाही?

मला कल्पना आहे की तुम्ही बाबांबद्दल काही लिहिलं नव्हतंत. पण तुम्ही ‘माणूस’ म्हणालात. माणूस म्हटलं की त्यात सगळेच आले.

आणि मुलांबद्दल. आमच्या घरात मी आणि आई. मुलं नाहीत. तुम्हाला हे माहीत असायचं काही कारण नव्हतं, पण लिहायचंही कारण नव्हतं. बाई ॲनिमे बघते म्हणजे मांडीवर पोर असणारच, हा हिशेब तुम्ही ज्या सहजतेने केलात त्यावर खरं तर मला स्वतंत्र लेख लिहिता येईल. लिहीत नाही. सोडून दिलं.

राहता राहिलं ‘रणांगण’, विश्राम बेडेकरांची कादंबरी. मी त्याखाली लिहिलेली ओळ अशी होती: “पुन्हा वाचलं, हॅर्टा पुन्हा पाण्यात गेली.” तुमचा प्रश्न, एवढंच म्हणायचं होतं? हो. ज्याने वाचलंय त्याला ती ओळ पुरते, आणि ज्याने वाचलं नाही त्याने माझं कशाला वाचावं, विश्राम बेडेकर वाचावेत.

पण त्याच्या लगेच खाली मी ‘ग्रेव्ह ऑफ द फायरफ्लाइज’ हा जपानी ॲनिमेशनपट ठेवला होता, ते तुम्हाला खटकलं असणार, आणि तुमची सगळी चिडचिड मुळात तिथूनच आली असावी असा माझा संशय आहे. ते मुद्दाम ठेवलं होतं. ‘रणांगण’ १९३९चं. युरोपातून निघालेली बोट, तिच्यावर हिटलरच्या तावडीतून सुटलेले ज्यू, ज्यांना कुठलाच देश आपला म्हणायला तयार नाही. चक्रधर मुंबईला उतरतो, हॅर्टाला पुढे जावं लागतं, आणि ती समुद्रात उडी घेते. महायुद्ध अजून पेटायचंय, पण माणसं आधीच संपायला लागली आहेत. मी हे या खेपेला लोकलमध्ये, लेडीज डब्यात उभ्याने संपवलं, आणि सीएसएमटीला गाडी रिकामी झाली तरी मी आतच होते.

इसाओ ताकाहातांचा सिनेमा १९८८चा, अकियुकी नोसाका यांच्या १९६७च्या कथेवरचा. नोसाकांची धाकटी बहीण १९४५ साली उपासमारीने गेली होती. ताकाहाता स्वतः नऊ वर्षांचे असताना ओकायामावरच्या बॉम्बहल्ल्यातून वाचले होते. सिनेमा सुरू होतो तो थोरल्या भावाच्या मरणापासून. सप्टेंबर १९४५, स्टेशनातला खांब, त्याला टेकून बसलेला मुलगा, आणि त्याच्याजवळचा गोळ्यांचा पत्र्याचा डबा. सफाईवाला तो डबा उचलतो, हलवून बघतो आणि बाहेर गवतात भिरकावतो. आत काय आहे ते नंतर कळतं. बेडेकरांची गोष्ट युद्धाच्या उंबरठ्यावरची, ही युद्ध संपत असतानाची, आणि मरणारी माणसं दोन्हीकडे तीच, जी कुणाच्याच हिशेबात नव्हती. मला ही दोन्ही शेजारी ठेवताना जराही अवघडल्यासारखं झालं नाही. एक हाताने लिहिलंय आणि दुसरं हाताने काढलंय, एवढ्यावरून पंगती वेगळ्या मांडायच्या असतील तर तुम्ही तुमच्या घरी मांडा.

(जाता जाता: हा सिनेमा १६ एप्रिल १९८८ला जपानमध्ये ‘माय नेबर टोटोरो’ या लहान मुलांच्या सिनेमाबरोबर एकाच खेळात दाखवला गेला. पोराबाळांना घेऊन गेलेल्या आईबापांचं त्या दिवशी काय झालं असेल, याचा मी अधूनमधून विचार करते.)

आणि तुम्ही ज्याचा उल्लेखच केला नाहीत ते ‘तोत्तोचान’. माझ्या यादीत ते दोनदा होतं, एकदा पुस्तक म्हणून आणि एकदा सिनेमा म्हणून. तेत्सुको कुरोयानागी यांचं १९८१चं पुस्तक, मराठीत चेतना सरदेशमुख गोसावी यांनी आणलेलं, बऱ्याच घरांत असतं, कदाचित तुमच्याही असेल. रेल्वेच्या डब्यांत भरणारी शाळा, आणि पहिल्या दिवशी एका पोरीचं बोलणं चार तास ऐकून घेणारे मुख्याध्यापक कोबायाशी. चार तास! मध्ये एकदाही ‘असो’ म्हणत नाहीत.

२०२३ साली त्यावर ॲनिमेशनपट आला. करणारे कोण, तर शिन-एई, म्हणजे ज्यांचे डोरेमॉन आणि शिनचॅन घरोघरी आरडाओरडा करत असतात तेच लोक. त्यात पोलिओ झालेल्या, वर्गातल्या यासुआकीच्या अंत्यविधीतून तोत्तोचान एकाएकी पळत सुटते. रस्त्यावर सैनिकांना निरोप द्यायला गर्दी जमलीय, झेंडे हलताहेत, ‘बान्झाय’चा जयघोष चाललाय. ती त्या गर्दीतून उलट्या बाजूने पळते. कुबड्या घेतलेला सैनिक दिसतो. लढाई-लढाई खेळणारी पोरं दिसतात. संवाद नाही, कुणी काही समजावत नाही. पुस्तक मी शाळेत असल्यापासून कितीतरी वेळा वाचलं, पण त्या पोरीच्या दुःखाला आणि त्या झेंड्यांना एकच रस्ता आहे हे मला तेव्हा दिसलं नव्हतं. सिनेमा पाहून आल्यावर मी पुस्तक परत काढलं. म्हणजे पुस्तकाकडून कार्टूनकडे आणि कार्टूनकडून पुस्तकाकडे, एकाच आठवड्यात. या प्रवासाला तुमच्या टाइमटेबलात कुठली गाडी आहे ते बघून कळवा.

तुमची प्रतिक्रिया मी काढलेली नाही, काढणारही नाही. तिच्याखाली दोघातिघांनी तुमच्याबद्दल जरा वाकडं लिहिलं होतं, ते मात्र काढलं. माझं भांडण मी भांडेन.

पुढचा लेख ‘साबर बोंडं’ या सिनेमावर आहे. रोहन परशुराम कानवडे यांचा, अमेरिकेतल्या सनडान्स चित्रपट महोत्सवात ग्रँड ज्युरी पारितोषिक मिळालेला. वडील गेल्यावर दहा दिवसांच्या सुतकासाठी मुंबईहून गावी गेलेल्या मुलाची गोष्ट. सप्टेंबरात पाहिला, पण डिसेंबरच्या यादीत घातला नाही, कारण खूप खटपट करूनही तो एका ओळीत बसेना. त्याला तारे द्यायचे की नाही हे अजून ठरलेलं नाही. मराठी आहे, कार्टून नाही, बहुधा रविवारपर्यंत टाकेन. काही म्हणायचं असेल तर खाली जागा आहे, फक्त या वेळी नाव लिहा.